गाईडच्या यादीत नसलेली जागा

पुण्यात एकत्र नोकरी करणाऱ्या आम्ही तिघी मैत्रिणी शनिवार-रविवार माझ्या गावी, नागपूरला आलो होतो. सकाळी तर्रीपोहे खाताना त्या दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी वरून आणखी तर्री मागितली.

मग शहराचा इतिहास दाखवणारा गाईड गाडी आणि ड्रायव्हर घेऊन आला. भोसल्यांचा महाल, सीताबर्डीचा किल्ला, सगळं त्याने रंगवून सांगितलं. गाडी दीक्षाभूमीसमोरून जाऊ लागली, तेव्हा मात्र तो मोबाईलमध्ये बघत बसला.

"इथे थांबायचं नाही का?" मी विचारलं.

"ते आपल्या टूरमध्ये नाही येत, ताई. ते त्या लोकांचं आहे. तुम्ही तं इतिहास पाह्याले आल्या ना?"

माझं डोकंच फिरलं. छप्पन्न साली माझे आजोबा आजीला घेऊन कोराडीकडच्या खेड्यातून धम्मदीक्षा घ्यायला इथवर चालत आले होते. त्यानंतर त्यांनी कुणापुढे मान खाली घातली नाही. आणि हा इतिहास नाही?

"मी त्याच लोकांतली आहे. गाडी थांबवा."

"तसं नाही ताई, मी सहज बोलून राहिलो होतो."

"सहज बोललात, त्याचाच राग आलाय."

मी उतरले. माझ्यामागून त्या दोघीही उतरल्या. आम्ही स्तूपापाशी दोन तास बसलो आणि आजोबांची ती पायपीट मी त्यांना पहिल्यांदाच पूर्ण सांगितली.

संध्याकाळी गाईडचा मेसेज आला, पाच स्टार द्या म्हणून. मी एकच दिला, आणि खाली त्याचं 'ते त्या लोकांचं आहे' हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं.