नंदकुमारचे तीन दिवे

तापीकाठच्या लालबागेत कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की लोक नंदकुमारलाच गाठायचे. पॉवर सप्लायच्या डब्यावर पाचशे वॅट छापलेत की हजार, त्याचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. "छापायला काय लागतं?" म्हणायचा, आणि त्या सप्लायला ट्रॅक्टरच्या हेडलाइटचे तीन दिवे जोडून समोर बसायचा. तिन्ही अर्धा तास लख्ख जळले, तर नवं ग्राफिक्स कार्ड खुशाल घाला. एक जरी मंदावला, तर चक्क हात जोडायचा. वीस वर्षांत त्याचा शब्द कधी खोटा पडला नाही, बरं का!

त्या दुपारी वंदनाच्या फोटो स्टुडिओत मात्र त्याच्या अंगावर काटा आला. वंदनाचा भाऊ श्रीकांत अकराव्या वर्षी नाहीसा झालेला. आज तो कसा दिसत असेल, ते चित्र ती कॉम्प्युटरकडून काढून घेत होती. जुन्या कार्डाला ते झेपेना. कपाळ उमटायचं, भुवया उमटायच्या, आणि डोळ्यांशी आलं की मशीन ठप्प. पाच वेळा तेच! म्हणून तिनं मोठं कार्ड आणलं होतं. सप्लाय त्याचा लोड उचलेल का, एवढंच नंदकुमारनं सांगायचं होतं.

मालूबाई, श्रीकांतची आई, त्या अर्ध्या चेहऱ्याचा प्रिंट मांडीवर घेऊन बसलेली. "एकदा पोराचं तोंड दिसू दे रे, नंदू."

नंदकुमारनं दिवे लावले. मांडीवरचं ते कपाळ आपल्याकडे रोखून बघतंय, असं त्याला वाटत राहिलं. डोळे नसताना!

श्रीकांत त्याचा जिगरी दोस्त. तापीला पूर होता, दोघं पोहायला उतरले, आणि नंदकुमार एकटाच वर आला. भेदरलेल्या पोरानं घरी येऊन ठोकून दिलं, की श्रीकांत इच्छापूरहून केळीच्या ट्रकात बसून दिल्लीला गेला. तीस वर्षं मालूबाई बिचारी वाट बघत होती.

अर्धा तास झाला. तिन्ही दिवे लख्ख. ते डोळे उमटले की आधी आपल्यालाच शोधतील, याची नंदकुमारला खात्री होती.

"नाही उचलणार, मावशी," तो म्हणाला.

वंदनानं कपाळावर हात मारून घेतला. मालूबाई दिव्यांकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे.

"दिवे तर चांगले जळताहेत, नंदू," ती हळूच म्हणाली. "खरं सांग. तो ट्रकात बसलाच नव्हता ना?"