‘विकणें’वरचं टिंब

चेन्नईत गिंडीच्या ऑफिसात दिवसभर तमिळ आणि इंग्रजी ऐकून कान किटले, म्हणून मी ते काम घेतलं. जुन्या मराठी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचे फोटो एका वेबसाइटवर येत. आपण घरबसल्या त्या टाइप करून पाठवायच्या. केशतेलं, पोटदुखीची औषधं, घोडागाड्या. काम फुकटचं, पण मला त्याचं वेडच लागलं. पुढे सगळ्यांचं काम तपासायला आमच्यातलंच एक जण नेमणार होते, आणि ती जागा माझीच, असं मी धरून चालले होते. मी साताऱ्याची, शाळेत शुद्धलेखनात कायम पहिली. चेन्नईत माझ्यापुढे टिकणार कोण?

टिकल्या त्या एग्मोरच्या एक मामी. तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या, साठीच्या, पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूतल्याच. मराठी बोलतात ती तमिळच्या चालीवर. शाळेत त्यांना मराठी कधी नव्हतंच, अक्षरं आजोबांनी शिकवलेली. आमच्या ग्रुपवर त्या ‘आज मज उशीर जाहला’ असं लिहायच्या आणि मी एकटीच फिसकन हसायचे. तरी वेबसाइटचे संयोजक कौतुक करायचे ते त्यांचंच. माझा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी मी संयोजकांना मेल केला: मामींचा उत्साह दांडगा आहे, पण ज्यांचं मराठीच अशुद्ध, त्यांच्या हाती तपासणी कशी द्यायची? मेल पाठवून मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

उत्तर आलं ते माझ्याच जाहिराती घेऊन. ‘घोडागाडी विकणें आहे’ असं छापलेलं, मी टाइप केलं होतं ‘विकणे’. ‘नांव’चं ‘नाव’, ‘केंस’चे ‘केस’. सूचना पहिल्या दिवसापासून एकच होती: छापलंय तसंच उतरवा. माझी बोटं मात्र जुन्या वळणाचं प्रत्येक टिंब चूक समजून गाळत गेली होती आणि मला पत्ताही नव्हता. शेकडो जाहिराती दुरुस्तीला परत आल्या. तपासनीस म्हणून नेमणूक झाली मामींची.

त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. आता टोमणा येणार म्हणून मी दातओठ खात ऐकत होते, पण त्या माझ्या जेवणाखाणाची चौकशी करत राहिल्या. न राहवून मीच विचारलं, “मामी, तुमचं एकही टिंब सुटलं कसं नाही?”

“मज शुद्ध कोठें येतं मा?” त्या हसल्या. तो शेवटचा ‘मा’ तमिळमधला, लाडाचा. “म्हणून दिसतं तेंच लिहितें. तू शिकलेली. मज शुद्ध मराठी शिकवशील काय?”

“शिकवते की,” मी लगेच म्हणाले. त्यात चांगुलपणा वगैरे काही नव्हता. एकदा शुद्ध लिहायला लागल्या की त्यांचीही टिंबं सुटतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.