बाबा आणि अजून तयार न झालेली तार

माझे बाबा हृदयातल्या एका वळणावर गेले.

आज वर्ष झालं. आज पहिल्यांदाच लिहितेय.

बाबा आर्णीत वायरमन होते. मी पुण्यात एका लॅबमध्ये इंजिनिअर. आम्ही गाइडवायर बनवतो. अँजिओप्लास्टीत सगळ्यात आधी रक्तवाहिनीत जाते ती दोऱ्याएवढी बारीक तार.

आमच्या तारेचं टोक आत गेल्यावरही हातातल्या नॉबने हवं तिकडे वळतं. वाहिनीला इजा होऊ नये म्हणून.

एकदा सॅम्पल घरी नेलं. बाबा कितीतरी वेळ नॉब फिरवत बसले.

"पाइपात वळणावर तार अडली का म्या भिंत फोडतो अन् मोकळा होतो. तुमाले तसं जमत नसन."

"नाही ना बाबा."

"मंग सावकाश कर. घाई नोको करू."

पुढे त्यांच्याच हृदयात ब्लॉकेज निघालं. अँजिओप्लास्टीसाठी नागपूरला नेलं. आत घेण्याआधी स्ट्रेचरवरून म्हणाले,

"डाक्टरले तुयी तार लावाले सांग ना."

"बाबा, टेस्टिंग सुरू आहे अजून. माणसांवर परवानगी नाही."

"मंग मायावरच कर टेस्टिंग. घरचाच माणूस आहो."

ते हसत होते.

मी चिडले. "काहीही बोलू नका."

आमचं शेवटचं बोलणं हेच.

डॉक्टर स्वतः बाहेर आले. वळणावर नेहमीच्या तारेचं टोक वाहिनीच्या भिंतीतून पार गेलं होतं. हृदयाभोवती रक्त साचलं. त्यांनी खूप प्रयत्न केले. ही गुंतागुंत क्वचित होते, चांगल्या डॉक्टरांच्या हातूनही होते. मला माहीत होतं. मी असे रिपोर्ट वाचतच काम करते.

आई विचारत राहिली, "एवढ्याशा तारेनं माणूस कसा मरते वं?"

मला उत्तर येत होतं. दिलं नाही.

महिनाभर लॅबमध्ये तार हातात धरवेना. मग बाबांची अँजिओग्राफी मागवली आणि त्यांच्या वाहिनीचं सिलिकॉनचं मॉडेल केलं. तेच वळण.

आमची तारसुद्धा तिथे अडली.

टोक बदललं. परत अडली. परत बदललं.

गेल्या आठवड्यात ती भिंतीला न टोचता पार गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जिन्यात जाऊन रडले.

आईला सांगितलं.

ती म्हणाली, "कोणाच्या तरी बाबाच्या कामी पडन माय. तू जेवली का?"

बाबा, आईकडून आणि माझ्याकडून तुम्हाला जय भीम.