पांघरूण

बायको गेली, तिची दवाखान्याची फाईल राहिली. फाईलवर ‘पॅलिएटिव्ह’ असं लिहिलेलं. मी चौथी शिकलेला, मला ते औषधाचं नाव वाटलं. मुलगाही तेव्हा हो म्हणाला. आज नातीनं डिक्शनरी काढली. “आजोबा, मूळ अर्थ अंगावरचं पांघरूण. त्यावरून झाकणं, लपवणं. आणि आता, रोग बरा होणार नसेल तेव्हा नुसतं दुखणं हलकं करणं.”

घोंगडीनं थंडी जात नाही, पण आत ऊब राहते. इथवर शब्द चांगला आहे. पण तिचं पांघरूण घरच्यांनी माझ्या डोळ्यांवर ओढलं. ती कैरीचं लोणचं मागायची आणि मी खेकसायचो, “पथ्य पाळ. बरी झालीस की बरणी घेऊन बस.” ती “बरं” म्हणून मान वळवायची. तिलाही सगळं ठाऊक होतं, असं मुलगा आज सांगतो.