तिने सांगितलेला पाचवा महिना

लाँड्रीत तिला सगळ्या घडीबाई म्हणत. इस्त्रीच्या गरम रोलरमधून चादर बाहेर आली की ती दोन टोकं धरायची, एक झटका द्यायची, आणि चादर जणू आपल्या पायांनी चालत येऊन तिच्या हातावर दुमडून बसायची. हॉटेलांच्या चादरी असोत की दवाखान्यांच्या, तिच्या हातून सगळ्या एकसारख्या निघत. तिने घातलेली घडी उलगडून बघण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे.

बोलायची मात्र बेताचीच. माहेरी ती शेंडेफळ, सासरी धाकटी सून. दोन्हीकडे तिला सांगणारे पुष्कळ, विचारणारं कोणी नाही. भाजीला पाठवताना सासूबाई कशी निवडायची ते सांगत, आणि आणल्यावर कशी निवडायला हवी होती तेही सांगत. लग्नाला सहा वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता, त्यामुळे सांगणाऱ्यांना विषय कमी पडत नसे.

मग तिला दिवस गेले.

त्या लाँड्रीत एक रीत होती. दिवस गेलेल्या बाईने ते चारचौघांत सांगायचं नाही. मावशीच्या कानावर घालायचं, बस. मावशी म्हणजे गठ्ठे मोजून घेणारी, सगळ्यांत जुनी बाई. दुसऱ्या दिवशी मावशी सगळ्यांदेखत म्हणायची, "तू आजपासून बटणांवर बस." खिडकीपाशी एक टेबल होतं, त्याला दोन खुर्च्या. तिथे बसून उशांच्या अभ्र्यांची तुटलेली बटणं लावायची, उसवलेल्या कडांना टाके घालायचे. बाकी सगळी लाँड्री दिवसभर उभी असे. बसलेली बाई म्हणजे पोटुशी बाई. कोणी काही विचारत नसे. जाता-येता एखादी हसायची, एखादी पंख्याचं तोंड तिकडे वळवायची.

घडीबाई त्या खुर्चीवर बसली तेव्हा तिला तिसरा लागला होता. थोड्याच दिवसांत समोरच्या खुर्चीवर चिमणी आली.

चिमणी मशीनमधून ओले कपडे काढायच्या कामावर होती. वयाने लहान, अंगाने बारीक, आणि एकदा बोलायला लागली की गप्प बसवायला मावशीच लागायची. तिला सासू नव्हती, आई लांब होती. ती घडीबाईच्या महिनाभर मागे होती. ते कळल्यावर तिने खुर्ची टेबलाला ओढून घेतली.

"ताई, सकाळी तोंडात लोखंड चाटल्यासारखं होतं का गं तुला?"

"मलाही झालं होतं. अंथरुणातून उठायच्या आधी कोरडं बिस्किट खायचं. वर लगेच पाणी नाही प्यायचं."

"आणि साबणाचा वास? इतकी वर्षं त्यावर पोट भरलं, आता त्यानेच पोट ढवळतंय."

"लिंबाची फोड रुमालात बांधून जवळ ठेव. मी तेच केलं."

"आणि उगाच रडू येतं ते? काल नवऱ्याने मोजा उलटा घातला म्हणून रडले मी."

"मग त्याने सरळ केला का?"

"केला."

"मग फुकट नाही गेलं रडणं."

चिमणी इतकी हसली की सुई बोटात शिरली. घडीबाईला आश्चर्य वाटलं. आपण कोणाला हसवू शकतो हे तिला नवीन होतं. आपल्याला कोणी काही विचारतं, आपण सांगतो, आणि ते दुसऱ्या दिवशी उपयोगी पडलेलं असतं, हे तर त्याहून नवीन होतं. कुशीवर झोप, डावी बरी. उठताना आधी पाय खाली सोड, मग उठ. थोडं थोडं खा, पण सारखं खा. जे तिला स्वतःला आदल्या महिन्यात धडपडत कळलं होतं ते ती चिमणीच्या हातात घडी घालून देत होती.

"बरं झालं तू पुढे आहेस," चिमणी म्हणाली. "मी आपली तुझा पदर धरून मागे. पुढे खड्डा दिसला की हाक मार म्हणजे झालं."

चौथा सरत आला असताना एका सकाळी घडीबाईला डाग दिसला. एवढासाच. कंबर भरून आली होती. बसून बसून आली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. घरात बोलावं तर सासूबाईंचं सांगणं सुरू होईल. डॉक्टरीणबाईंकडे जावं तर त्या म्हणतील, एवढ्याशासाठी आलीस होय. ती दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने तिला उचलून दवाखान्यात नेलं, तोवर सगळं संपलं होतं.

"लवकर आली असतीस तरी कदाचित हेच झालं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण निदान बघता आलं असतं."

घडीबाईने त्यातलं फक्त शेवटचं वाक्य घरी नेलं.

कामावर पोट बिघडल्याचा निरोप गेला होता. ती परतली त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं होतं, आल्या आल्या मावशीला गाठायचं, कानात सांगायचं आणि रोलरवर उभं राहायचं. पण मावशी बाहेर गाडीतून गठ्ठे उतरवून घेत होती. आणि टेबलापाशी चिमणीने तिच्या खुर्चीच्या पाठीला टॉवेलची घडी बांधून ठेवली होती. घडी वेडीवाकडी होती. टेबलावर एक केळं होतं.

"कंबर दुखते म्हणत होतीस ना, म्हणून बांधला. आणि हे केळं तुझं. तुला आता दोघांचं खायचंय. बस आधी. बस, आणि सांग, काय नवीन?"

त्या खुर्चीवर बसणं ही जशी बातमी होती, तशी तिच्यावरून उठणंही बातमीच होती. सगळ्या लाँड्रीसमोर, पंख्याच्या वाऱ्यातून उठून, उन्हाळ्यासारख्या तापलेल्या रोलरपर्यंत चालत जायचं. का उठलीस, असं कोणीही विचारलं नसतं. सगळ्यांना कळलं असतं. इतक्या वर्षांनी एक धरलं आणि तेही हिला सांभाळता आलं नाही.

घडीबाई बसली.

"काही नाही," ती म्हणाली. "भूक लागते."

आणि तिने ते केळं खाल्लं.

मग सांगणं रोज एक दिवस पुढे ढकललं गेलं. घरी नवरा विचारायचा, "सांगितलंस का?"

"सांगते."

"रोज सांगतेच म्हणतेस."

"अहो, उद्या नक्की."

"अगं, यात लाजायचं काय? तू काय चोरी केलीस?"

खुर्ची तिची नव्हती, केळं तिचं नव्हतं, पंखा तिचा नव्हता. चोरी नाही तर दुसरं काय म्हणायचं त्याला.

आणि चिमणी विचारायची थांबत नव्हती. चौथ्यात काय होतं? पाचव्यात काय होतं? घडीबाई मोठ्या बहिणीच्या बाळंतपणातलं आठवायची, बसथांब्यावर उभ्या बायकांचं बोलणं कान देऊन ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी ते आपलं म्हणून सांगायची. पायात गोळे येतात. पोटाला खाज सुटते, तेल लाव. चिमणी मान डोलवायची. एकदा तिने विचारलं, "हालतं का गं?"

"हालतं ना."

"कसं?"

घडीबाईने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही केल्या जाईना.

"लाथ मारतं," ती म्हणाली. "आतून दार वाजवल्यासारखं. टक टक."

चिमणीने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटून वाट बघितली. "माझं तर अजून घरीच नाही कोणी," ती म्हणाली. घडीबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कामाचा अंगरखा ढगळ होता, त्यात काय आहे नि काय नाही ते दिसत नसे. तरी एकदा मावशी जाता जाता म्हणालीच, "काय गं, पाचवा उलटला तुझा. पोटालाही घडी घालून ठेवलीस की काय?" सगळ्या हसल्या. घडीबाई सगळ्यांत शेवटी हसली आणि सगळ्यांच्या नंतर थांबली. त्या दिवसापासून ती पाठ मागे टाकून, एक हात कंबरेवर ठेवून चालायला लागली. तसं चालताना आपली सावली भिंतीवर पडू नये असं तिला वाटे.

दीड महिना असा गेला. मग एका सकाळी चिमणी उशिरा आली. आल्यावर तिने दोघींच्या मध्ये केळं ठेवलं, ते सोलून घडीबाईच्या हातात दिलं आणि ती खाईपर्यंत काही बोलली नाही. चिमणीच्या बाबतीत हे आक्रीतच होतं.

"ताई," मग ती हळूच म्हणाली, "सकाळी डाग दिसला. एवढासाच. कंबरही भरून आलीये. तुला झालं होतं का असं?"

"मलाही झालं होतं," घडीबाई म्हणाली.

चादरीला झटका द्यावा तसं ते तिच्या तोंडून आपसूक निघालं. चिमणीचे खांदे खाली आले.

"हुश्श. मग ठीक आहे. नवरा चल म्हणत होता दवाखान्यात. म्हटलं, आधी ताईला विचारते, मग बघू." तिने पुढचा अभ्रा ओढला आणि बटण शोधायला लागली.

घडीबाई तिच्या हातांकडे बघत राहिली. दीड महिन्यात तिने चिमणीला सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट होती.

"तरी एकदा दाखवून ये," ती म्हणाली.

"कशाला? तू गेली होतीस?"

"नाही. लगेच नाही."

"मग? आणि तुझं सगळं नीटच आहे ना." चिमणीने दोरा दातांनी तोडला. "उगाच त्या डॉक्टरीणबाईंची बोलणी कोण खाणार. एवढ्याशासाठी आलीस म्हणतील."

रोलर चालू होता. मावशी मोठ्याने गठ्ठे मोजत होती. घडीबाई खुर्चीवरून उठली. उठताना तिने कंबरेवर हात ठेवला नाही.

"चिमणे, माझं नीट नाहीये. माझ्या पोटात काही नाही. मी चार दिवस आले नव्हते ना, तेव्हाच गेलं. असाच डाग होता, एवढासाच. मी दोन दिवस कोणाला बोलले नाही. तू आत्ता ऊठ आणि जा."

मावशीचं मोजणं मध्येच थांबलं. चिमणीने तिच्या पोटाकडे बघितलं. मग टेबलावरच्या केळ्याच्या सालीकडे बघितलं.

"पण ते दार वाजवायचं ना," ती म्हणाली.

"नाही वाजवायचं."

चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला. घडीबाईने तिला धरायला हात पुढे केला.

"तू नको येऊस," चिमणी म्हणाली.

मावशीने हातातला गठ्ठा टाकला. "बघत काय उभ्या राहिलात? गाडी थांबवा कोणीतरी." तिने चिमणीला खांद्याला धरून बाहेर नेलं.

घडीबाई रोलरपाशी जाऊन उभी राहिली. तिला तिथे कोणी पाठवलं नव्हतं. शेजारच्या बाईने चादरीचं एक टोक तिच्याकडे सरकवलं. त्या दिवशी तिच्या सगळ्या घड्या चुकल्या. तिने त्या उलगडल्या आणि पुन्हा घातल्या, आणि प्रत्येक घडीला मनात एकच म्हणत राहिली. मी गप्प बसले त्याची शिक्षा हिला नको.

मावशी परतली तेव्हा बायका हातपाय धुऊन निघायच्या तयारीत होत्या. ती सरळ रोलरपाशी आली.

"ठोके ऐकू आले," ती म्हणाली. "मीही ऐकले. पडून राहायला सांगितलंय. आज आलात ते बरं झालं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

घडीबाईने रोलरच्या कठड्याला धरलं. तो अजून गरम होता, तिने हात काढला नाही.

"आता तुझं. मला का नाही बोललीस?"

"लाज वाटली."

"कशाची? गेल्याची की बसल्याची?"

"आधी गेल्याची," घडीबाई म्हणाली. "मग बसल्याची."

मावशीने हनुवटीने शेजारच्या बाईकडे खूण केली, ती चप्पल घालत होती. "तीही त्या खुर्चीवरून अशीच उठलीये. मीही उठलेय. तुला कोण सांगणार? आम्हीही मेल्या लाजऱ्याच." ती वळली आणि पुन्हा थांबली. "पण पोरीची केळी खायला नको होतीस."

"हो," घडीबाई म्हणाली.

चिमणी दहा-बारा दिवस आली नाही. घडीबाईने एकदा फोन लावला, तो तिच्या नवऱ्याने उचलला. ती झोपलीये, असं तो म्हणाला. मागे चिमणीचा आवाज येत होता. घडीबाईने पुन्हा फोन केला नाही. घरी तिने सासूबाईंना आपणहून सांगितलं की मी कामावर खोटं बोलत होते. सासूबाईंनी ऐकून घेतलं. पहिल्यांदाच त्यांना काय सांगावं ते सुचलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर चिमणी परत आली. आता तिचं पोट ढगळ अंगरख्यातूनही दिसत होतं. ती आपल्या खुर्चीवर बसली. समोरची खुर्ची रिकामी होती, तिच्या पाठीला तो टॉवेल अजून बांधलेला होता. सोडावा असं कोणाला वाटलं नव्हतं, किंवा कोणाचा हात गेला नव्हता. चिमणीने तो सोडला आणि आपल्या पाठीला लावला. रोलरकडे तिने बघितलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढचे आठ-दहा दिवसही नाही. घडीबाईने तिच्याकडून काही अपेक्षाही केली नव्हती. ती पंख्याचं तोंड तेवढं रोज खिडकीकडे वळवून ठेवायची.

मग एका दुपारी रोलर थंड करायला बंद केला होता. लाँड्रीत आवाज नव्हता. चिमणी अभ्र्याला बटण लावता लावता थांबली. सुई तशीच धरून बसली. मग ती मावशीला म्हणाली, पण मावशीला ऐकायला लागतं त्याच्यापेक्षा बरंच मोठ्याने,

"लाथबिथ काही नसते, मावशी. दार तर मुळीच नाही वाजत. पाणी उकळायच्या आधी भांड्याच्या तळाशी बुडबुडे सुटतात ना, तसं होतं. इथे, डाव्या बाजूला." ती जरा थांबली. "सांग तिला. तिला माहीत नाहीये."

मावशीला सांगायची गरजच पडली नाही.

घडीबाईने समोरची चादर उचलली. दोन्ही टोकं धरली. झटका मात्र तिला लगेच देता आला नाही.