वार्निशचा वास आणि माझी पहिली पेटी

वार्निशचा वास आला की मला माझा पहिला मॉड्युलर सिंथेसायझर, विजेवर सूर काढणारी पेटी, आठवतो. घाटंजीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार गुंडाळून वर वार्निश चढवायचं दुकान होतं, आणि स्वतःच्या पगारातून घेतलेली ती पेटी मी तिथल्याच टेबलावर, जळून आलेल्या पंपांशेजारी मांडली होती. पेटीवर नुसती बटणं आणि भोकं. या भोकातली वायर त्या भोकात खोचली की आवाज बदलायचा. दोन दिवस खपून मी पितळी वाटीवर चमचा पडावा तसा एक सूर बसवला आणि तो ऐकायला आईला बोलवायला आत गेलो. येऊन पाहतो, तर बाबांनी सगळ्या वायरी उपसून, मोटरीच्या तारा बांधतात तशा दोऱ्यानं नीट बांधून ठेवलेल्या! "अशा लोंबत्या वायरी ठेवून काम सोडतेत काय?" ते म्हणाले. "बाबा, त्या वायरींतच सूर होता," मी रडवेला झालो. त्यांनी स्वतःच दोरा सोडला. "सांग मले, कोणती कुठं होती." मला एकही आठवेना. शेवटी दोघांनी अंदाजानंच खोचल्या, आणि स्पीकरमधून भरल्या विहिरीवरच्या पंपासारखी दाट, गोड घरघर सुरू झाली. आई हसायला लागली. बाबांनी मात्र मोटर तपासतात तसं पेचकसाचं टोक स्पीकरला टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून म्हणाले, "बेअरिंग चांगली हाये." आज माझी पेटी भिंतभर झाली आहे, पण नवा सूर बसला की मी अजून बाबांचा तोच पेचकस कानाला लावतो.