पुसलेलं प्रश्नचिन्ह

बापू डोहात बुडाला, असा माझ्या गावच्या तलाठ्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या ऑफिसात बापूच्याच टेबलाशी उभा होतो. मी म्हणालो, त्या जागी डोह नाही, मळी आहे.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. विमानातून घेतलेल्या कृष्णेच्या फोटोंवर जलपर्णी आखायचं आमचं दोघांचं काम. त्या खास फिल्मवर जिवंत हिरवं लाल उमटायचं. ऊसही लाल, जलपर्णीही लाल. एकाच जागेचे दोन फोटो स्टिरिओस्कोपच्या दोन भिंगांखाली ठेवले की जमीन उंचसखल दिसे. बापू त्याला डोळे लावून बसला की चहा गार व्हायचा. वहिनींकडे कधी एवढं बघितलंस का, असं मी चिडवायचो. तो कडेगावकडच्या कोरड्या रानातला, पोहता न येणारा. मी नदीकाठचा. आणि ऑफिसात रीत अशी की फोटोत ज्याचं गाव, त्याचा शब्द शेवटचा.

माझ्या गावाखालच्या वळणावर एक लाल पट्टा दिसला. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आमच्याकडे काठच्या गाळात काकडी-वांगी लावतात, तीच मळी. मी बघताक्षणी तसं सांगून टाकलं. बापूने मात्र पट्ट्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

"सऱ्या दिसत न्हाईत रं. आन् समदं पान्याच्याच पातळीला हाय."

माझ्या आईने तिथं काकड्या लावल्यात, असं मी जरा तोऱ्यातच म्हणालो.

"तुजं गाव, गड्या. तुजा शब्द." त्याने खोडरबर फिरवलं आणि मी शाईने 'मळी' लिहिलं. सहा वर्षांत मी त्या काठाला उतरलोच नव्हतो, हे त्याला सांगितलं नाही. आज त्याची लाज वाटते.

वैशाखात तो नकाशा घेऊन पाहणीला गेला. पुढचं मला गावच्या नावाड्याने सांगितलं. जलपर्णीवर गाळ साचून गवत माजलं होतं, वर बगळे चरत होते. बापूने काठावर नकाशा उघडून पाहिला. मग चपला काढून ठेवल्या. शेतकऱ्याचं पोर ते, दुसऱ्याच्या पिकात चपलेनं कसं जाईल?

"आवं, थांबा म्हनूस्तवर चार पावलं गेलं हुतं," नावाडी म्हणाला. "वरचं गवात लगीच मिटलं."

मागच्या आठवड्यात नवे फोटो आले. लाल पट्टा पुढची दोन वळणं ओलांडून सांगलीच्या अंगाला सरकला आहे. हे कुणाचं गाव, असं साहेबांनी विचारलं.

बापूचा स्टिरिओस्कोप तसाच टेबलावर आहे. त्याच्याखालचा तो जुना फोटो उजेडात तिरका धरला की पुसलेल्या प्रश्नचिन्हाचा वळ दिसतो, बोटालाही लागतो. परवा मी त्यावरून पुन्हा पेन्सिल फिरवली. मग ब्लेड घेऊन बाजूचा 'मळी' खरवडत बसलो. कागद फाटत आला, पण शाई काही निघाली नाही.